आप्पांचा टॉवेल आणि अकरा जर्नल्स

आमच्या कॉलेजात बाहेरचा माणूस येणार असला की आधी रांगोळी निघते. कोण येणार, कशाला येणार, हे नंतर विचारतात. तपासणी समिती आली तर रांगोळी, विद्यापीठाचा माणूस आला तर रांगोळी. एकदा पाण्याची टाकी धुणारे लोक आले, तेव्हाही गेटपाशी ऐसपैस मोर काढलेला होता, कारण फोनवर त्यांनी "आमची टीम येतेय" एवढंच सांगितलं होतं. या कॉलेजात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. गेल्या वर्षी निवृत्त झाले. माझ्या निरोपाला रांगोळी नव्हती, कारण मी घरचीच.

ग्रंथपाल म्हणजे पुस्तकांवर शिक्के मारणारी बाई, असा समज आमच्या घरातसुद्धा आहे. शिक्के मी मारलेच, नाही कशाला म्हणू? पण शेवटची काही वर्षं माझं खरं काम भांडणाचं होतं, आणि भांडण असायचं जर्नल्ससाठी. जर्नल म्हणजे संशोधकांचं नियतकालिक. त्याची रीत अशी, की प्राध्यापक घाम गाळून संशोधन करतो, लेख लिहितो आणि कंपनीला फुकट देतो. तो लेख बरा की वाईट हे दुसरे प्राध्यापक तपासतात, तेही फुकट. मग कंपनी तो छापते आणि त्याच प्राध्यापकांच्या कॉलेजला वर्षाची वर्गणी घेऊन वाचायला देते.

आमच्या मिस्टरांची सगळी नोकरी साखर कारखान्यात वजनकाट्यावर गेली. त्यांना मी हे एकदा समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे ऊस आपला, तोडणी आपली, गाळपही आपणच करायचं, आणि साखर विकत घ्यायची?"

मी म्हटलं, "हो."

"आणि तुम्ही शिकलेली माणसं?" असं म्हणून ते पेपर वाचायला लागले.

पूर्वी जर्नल कागदावर यायचं, तेव्हा निदान एक होतं. वर्गणी थांबवली तरी जुने अंक कपाटात राहायचे. वाळवी लागली तरी ती आपली. आता सगळं कंप्युटरवर आलं. वर्गणी थांबली की नवे अंक तर बंद होतातच, मागच्या वर्षांचंही दार लागतं. शिवाय कंपनी सुटं जर्नल देत नाही, गठ्ठा देते. त्या गठ्ठ्यात आपल्याला लागणारी दहा-बारा असतात आणि बाकीची समुद्रातल्या शेवाळाची, ध्रुवावरच्या बर्फाची. नगर जिल्ह्यातल्या बेलापूरच्या अलीकडे उसाच्या फडांत बसलेलं आमचं कॉलेज. समुद्र बघायचा तर सहल काढावी लागते. सरकारी योजनेतून काही जर्नल्स मिळायची, पण नेमकी हवी ती त्यात नसायची.

आता सविताबद्दल सांगते, कारण या सगळ्यात खरं काही अडकलं होतं ते तिचंच.

सविता भांगरे आमच्याकडे वनस्पतिशास्त्र शिकवायची. मूळची राजूरची, अकोले तालुक्यातल्या डोंगराकडची. पीएचडीला तिनं विषय घेतला वालाचा. राजूरच्या आसपासच्या वाड्यांतून बायकांनी मडक्यात राख घालून जपून ठेवलेले वालाचे वाण तिनं हिंडून गोळा केले. काळा, पांढरा, लाल ठिपक्यांचा, चपटा. कुठला वाण कुठल्या बाईनं राखला, हेही लिहून घेतलं. त्यातल्या हौसामावशी म्हणजे तिच्या आईच्या शेजारीण. त्यांनी मूठभर बी दिलं आणि सोबत अट घातली. "हे इकायचं न्हाई. मागंल त्याला द्यायचं. नेलं त्याच्या दुप्पट पुढल्या साली आनून द्यायचं. आन तू काय लिव्हशील ते बी तसंच. दडवून ठिवायचं न्हाई, पोरी." सविता हो म्हणाली.

तिचा लेख आमच्या गठ्ठ्यातल्या सगळ्यात नावाजलेल्या जर्नलनं स्वीकारला. लेखात मोठा तक्ता होता आणि तक्त्यात वाणांसमोर त्या बायकांची नावं. कॉलेजात पेढे वाटले. चार दिवसांनी ती एक फॉर्म घेऊन माझ्याकडे आली. "मॅडम, यात लिहिलंय की लेखाचे हक्क कंपनीकडे जाणार. पैसे भरले तर लेख सगळ्यांना खुला ठेवतात, पण ती रक्कम माझ्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी आहे."

मी तेव्हा शिडीवर उभी राहून समितीसाठी कपाटांना नवी लेबलं चिकटवत होते. वरूनच म्हणाले, "अगं, सगळेच करतात. कर सही." तिनं माझ्यावर विश्वास ठेवून सही केली. फॉर्म मी वाचलाच नव्हता. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझं हे एक वाक्य मला परत घेता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

त्याच सुमारास कंपनीशी असलेला करार संपत आला. बोलणी करायला पुण्याहून श्री. बर्वे येणार होते. गृहस्थ अत्यंत सभ्य. मी प्राचार्यांना सहज म्हणाले, "सर, ते लोक आधी आपला वापर बघतात. कोण किती लेख उघडतं ते."

'वापर' हा शब्द ऐकून प्राचार्यांच्या डोळ्यांपुढे तपासणी समिती उभी राहिली. एका समितीनं आमची ग्रंथालय-भेटीची वही मागितली होती, आणि ती कोरी निघू नये म्हणून आदल्या दुपारी सगळ्या स्टाफनं तीन-चार रंगांच्या पेनांनी तीन महिन्यांच्या सह्या केल्या होत्या. समितीनं शाबासकी दिली होती. तेव्हा आता काय करायचं ते सरांना कुणी सांगायची गरज नव्हती. संध्याकाळपर्यंत परिपत्रक निघालं. प्रत्येक प्राध्यापकानं रोज किमान दहा लेख कंप्युटरवर उतरवून घ्यावेत व तशी नोंद वहीत करावी. वही मीच आखली. मला तेव्हा अभिमान वाटत होता, हे कबूल करते.

मग सगळं कॉलेज कामाला लागलं. खेळाचे पवार सर शेळीच्या पोटातल्या जंतांवरचे लेख उतरवायला लागले. त्यातले फोटो बघून ते दोन दिवस जेवले नाहीत. मराठीचे सर फक्त नावं लहान असलेले लेख निवडत. हिंदीच्या मॅडमच्या वाट्याला ध्रुवाचं बर्फ आलं. त्या मात्र खरंच वाचायला लागल्या आणि स्टाफरूममध्ये डबा खाताना काळजीनं म्हणायच्या, "तिकडं फार वितळतंय हो."

चौथ्या दिवशी कंपनीचा कंप्युटर बिथरला. एका खेड्यातल्या कॉलेजातून एवढे लेख निघतायत म्हणजे चोरी चाललीय असं समजून त्यानं आमचं दारच बंद केलं. मी दोन दिवस फोनवर गयावया केली, की साहेब, आम्ही चोर नाही, आम्ही परिपत्रक पाळतोय. दार उघडलं आणि पाठोपाठ बर्वे आले.

गेटपाशी मोर होता. वर 'सुस्वागतम्'चा फलक. बर्व्यांना शाल, श्रीफळ आणि गुलाबाचा गुच्छ दिला. प्राचार्य भाषणात म्हणाले, "आपल्या जर्नल्सशिवाय आमचं पानसुद्धा हलत नाही." बर्व्यांनी शालीची घडी घालून बाजूला ठेवली, लॅपटॉप उघडला आणि भिंतीवर आलेख दाखवला. आमचा वापर सरळ छताला भिडला होता.

"सर, इतका उत्तम वापर मी जिल्ह्यात कुठेच पाहिलेला नाही," बर्वे म्हणाले. प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर बर्व्यांनी वाक्य पुरं केलं. "आणि वर्गणी आम्ही वापरावरच ठरवतो, त्यामुळे ती आता त्या प्रमाणात वाढेल."

खोलीच्या कोपऱ्यात आप्पा बसले होते. आप्पा आमच्या संस्थेचे विश्वस्त. मिरजगावचे. शाळा सातवीपर्यंत, आणि तीन पिढ्यांचा धंदा बैलांचा. ते त्या दिवशी बोअरवेलचं बघायला आले होते आणि पंख्याखाली टेकले होते. बर्वे गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "बाई, हे गृहस्थ काय इकत हुते?"

मी सगळं समजावून सांगितलं. फुकट दिलेला लेख, वर्गणी, गठ्ठा, वापर. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग प्राचार्यांकडे वळून म्हणाले, "म्हंजे सौदा व्हायच्या आदीच गिऱ्हाइकानं बैलाला हार घातला?"

प्राचार्य म्हणाले, "आप्पा, हा शैक्षणिक विषय आहे."

"व्हय. पर बाजार त्योच हाय."

दुसऱ्या दिवसापासून बोलणी आप्पांच्या हाती गेली. त्यांनी मला पहिलं काम लावलं. "आपल्याला खरं लागतंय काय त्ये काढा. सगळी दावन इचारत बसू नका." मी यादी घेऊन विभागाविभागात फिरले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. हे जर्नल बंद झालं तर रडाल का? पवार सर म्हणाले, "मॅडम, ते उघडल्याबद्दल रडलो होतो मी." फिरता फिरता यादी अकरावर आली. एवढ्या वर्षांत हा प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता, याची मला जरा लाज वाटली.

मग आप्पांनी आम्हाला बाजाराचे नियम शिकवले. बैल आवडला हे तोंडावर दिसू द्यायचं नाही. खोड काढायची, पण मालकाचा अपमान करायचा नाही. आणि शेवटचा नियम महत्त्वाचा. "जमत नसंल तर उठून चालाय लागायचं. आन मागं बघायचं न्हाई. मागं बघितलं की गेला सौदा."

डिसेंबरात बर्वे पुन्हा आले. या वेळी रांगोळीला सक्त मनाई होती. रांगोळी काढणाऱ्या शिपाई मावशी सकाळपासून तीनदा विचारून गेल्या, "बारकी बी नको का?"

आप्पांनी सुरुवात गोडीनं केली. "सायेब, तुमच्या दावनीत अकरा दुभत्या हायेत. बाकी भाकड. आमी अकरा नेतो."

"आप्पासाहेब, आम्ही सुटं देत नाही. तसं धोरणच नाही."

आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, आपल्या उजव्या हातावर पसरला आणि हात बर्व्यांपुढे केला. बैलबाजारात भाव असाच ठरतो. दोघं कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगतात. आजूबाजूला शंभर माणसं असली तरी कुणाला कळत नाही, आणि कुणाची लाज जात नाही. पण बर्वे पडले सदाशिव पेठेतले. त्यांना वाटलं टॉवेल हात पुसायला दिलाय. त्यांनी "थँक यू" म्हणून हात पुसले आणि टॉवेल घडी घालून परत केला.

पुढे तासभर बोलून काही जमलं नाही, तेव्हा आप्पा उठले. नियमाप्रमाणे मी आणि प्राचार्यही उठलो. दारात प्राचार्यांनी मागं बघितलंच. वर "येतो" असंही म्हणाले. बाहेर पटांगणात आल्यावर लक्षात आलं की आपण आपल्याच ऑफिसातून निघून आलोय आणि जायला कुठे जागा नाही. आम्ही तिघं लिंबाखाली उभे राहिलो. आत बर्व्यांनी सावकाश चहा घेतला, बिस्किट खाल्लं आणि जाताना आम्हाला हात करून गेले.

एक जानेवारीला दार बंद झालं. आप्पा खुशीत होते. प्राचार्यसुद्धा "आम्ही नाही म्हणालो" असं लग्नांतून सांगत होते. मग दुसऱ्या आठवड्यात सविताचा लेख प्रसिद्ध झाला.

ती धावत ग्रंथालयात आली. आम्ही दोघींनी कंप्युटरवर तो शोधला. तिचं नाव आलं, कॉलेजचं नाव आलं, खाली कुलपाचं चित्र आणि डॉलरमधली किंमत. लेखकाला स्वतःपुरती एक प्रत मिळते, तशी तिला मिळाली होती, पण ती कुणाला द्यायची नाही, कुठे ठेवायची नाही, असं त्या फॉर्मात होतं. स्टाफरूममध्ये सगळे म्हणाले, "व्हॉट्सॲपवर टाक की. कोण बघतंय?"

"सही केलीय मी," सविता म्हणाली.

त्यानंतर ती राजूरला जायची बंद झाली. एकदा पुस्तक परत करायला आली तेव्हा मीच विचारलं. म्हणाली, "मॅडम, हौसामावशी बाजारात भेटते आणि सगळ्यांपुढे विचारते, आमच्या नावाचा कागद कुठाय? मी सांगते, छापतायत. किती दिवस छापतायत म्हणू? ती म्हणाली, दडवून तर न्हाई ना ठिवलास?"

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. सही मी करायला लावली होती आणि त्या पोरीवर खोटं बोलायची पाळी माझ्यामुळे आली होती. दुसऱ्या दिवशी मी आप्पांना फोन केला. म्हटलं, "आप्पा, अकरातलं एकही नाही मिळालं तरी चालेल. या मुलीचा लेख तेवढा सोडवून द्या."

आप्पांनी वालाची सगळी हकीकत विचारून घेतली. मग म्हणाले, "बी त्या बायांचं?"

"हो."

"मग थांबा. ज्याला इकायचंय त्यो येतोच. आन ह्या बारीला पोरीला बी बसवा."

मार्चमध्ये बर्वे खरंच आले. सोबत खास आमच्यासाठी तयार केलेलं चकचकीत पुस्तक. आम्ही काय गमावतोय ते त्यात दाखवलं होतं. टेबलाच्या एका बाजूला आप्पा, प्राचार्य आणि मी. टोकाला सविता. बर्व्यांनी पहिलंच पान उघडून आमच्यापुढे सरकवलं.

"हे बघा, खास तुमच्या जिल्ह्यातलं. डोंगरातल्या वालाच्या वाणांवर अप्रतिम लेख आलाय. जगात दुसरीकडे कुठेही मिळणार नाही, फक्त आमच्याकडे."

प्राचार्यांनी सविताकडे बघितलं. सविता पानाकडे बघत होती. शेवटी मीच म्हणाले, "बर्वेसाहेब, लेखिका ह्याच."

बर्व्यांनी पानावरचं नाव वाचलं, तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा नाव वाचलं. आप्पांनी तोंड उघडलं होतं, पण त्यांच्या आधी सविता बोलली. आवाज अजिबात चढला नाही. "सर, तक्त्यात शेवटचं नाव आहे ना, हौसाबाई, त्यांनी बी दिलं तेव्हा अट घातली होती. मागेल त्याला द्यायचं. मी त्यांना हो म्हणाले, आणि नंतर तुमच्या फॉर्मवर सही केली. आता दोन्ही शब्द कसे पाळायचे, ते तुम्हीच सांगा. मला इतके दिवस सुचलेलं नाही."

मी बर्व्यांना सभ्य गृहस्थ म्हटलं ते उगीच नाही. त्यांनी लॅपटॉप बंद केला. "मला दिल्लीला बोलावं लागेल," म्हणाले, आणि लिंबाखाली जाऊन उभे राहिले. तासभर आम्हाला खिडकीतून त्यांचे हातवारे दिसत होते. आप्पा म्हणाले, "आता त्यो आपला दलाल झाला."

बर्वे परत आले तेव्हा घामाघूम होते. अकरा जर्नल्स सुटी मिळतील. वर्गणी पुढं कधी थांबली तरी तोवरची वर्षं आमचीच राहतील. आणि आमच्या प्राध्यापकांचे लेख, छापण्याआधी मंजूर झाले त्या रूपात, तक्त्यांसकट, आमच्या ग्रंथालयाच्या वेबसाइटवर जगातल्या कुणालाही वाचायला ठेवता येतील. सविताचासुद्धा. मी तिच्याकडे बघितलं तर ती पदरानं डोळे पुसत होती, आणि मग मीही.

वर्गणीचा आकडा तेवढा राहिला होता. आप्पांनी पुन्हा टॉवेल हातावर पसरला. या खेपेला बर्व्यांनी शर्टाची बाही वर केली आणि हात आत घातला. त्यांना कुणी शिकवलं कोण जाणे. टॉवेल थोडा वेळ हलला. बर्व्यांच्या भुवया वर गेल्या, मग खाली आल्या. "झालं," आप्पा म्हणाले. आकडा मला ठाऊक आहे, करारावर सही माझी आहे. पण बाजाराचा नियम मोडून इथे सांगणार नाही.

एप्रिलात सविताबरोबर मी राजूरला गेले, बाजाराच्या दिवशी. लेखाच्या छापील प्रती पिशवीत होत्या. हौसामावशींच्या ओट्यावर बायका जमल्या. लेख इंग्रजी, पण सवितानं तक्त्यातलं एकेक नाव वाचलं आणि जिचं नाव, तिनं पुढं येऊन त्यावर बोट ठेवून बघितलं. एकीनं विचारलं, "माझा काळा वाल ह्यात कंचा?" सवितानं फोटो दाखवला. ती म्हणाली, "हां, त्योच," आणि प्रत घेऊन भाजीच्या पाटीत ठेवली.

हौसामावशींचं वेगळंच चाललं होतं. "आता ह्ये कुनाला बी मिळंल?"

"कुणालाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "आन बाई, तुमी कोन?"

"मी ग्रंथपाल. पुस्तकं देते आणि वेळेवर परत घेते."

"परत न्हाई आनलं तर?"

"दंड करते."

हे त्यांना फार आवडलं. उठून आत गेल्या आणि मूठभर काळे वाल माझ्या ओंजळीत ठेवले. "मग तुमाला नियम सांगाया नको. पुढल्या साली दुप्पट."

निवृत्त झाल्यावर मी ते गच्चीत कुंड्यांमध्ये लावले. वेल चांगले चढले, फुलं आली आणि माव्याची कीड पडली. शेवटी जे मूठभर हाती लागलं ते वाटीत काढून ओट्यावर ठेवलं आणि दोन दिवस लेकीकडे गेले. आले तेव्हा मिस्टरांनी त्याची उसळ करून खाल्ली होती. चव जन्मात विसरणार नाही म्हणाले.

गेल्या महिन्यात राजूरहून पत्र आलं. अक्षर सविताचं, मजकूर हौसामावशींचा. "ग्रंथपाल बाईस्नी सांगनं की आमचं वाल आलं न्हाईत. दंड काय लावायचा त्ये तुमीच सांगा." मी घाबरून आप्पांना फोन केला, यातून काही तोड निघेल का म्हणून. आप्पा म्हणाले, "बाई, तिथं टॉवेल चालत न्हाई. गुमान जावा आन पुन्ना मूठभर बी मागा."

कॉलेजातून निघताना 'मुदत संपली' असा शिक्का चुकून माझ्या पर्समध्ये आला होता. तो मी त्या पत्रावर मारला आणि पत्र फ्रिजवर लावलं. सविताला कळवलंय की दिवाळी झाली की येतेय, आणि मावशींना सांग, रांगोळी काढू नका.